तबेल्यातलं स्टार्टअप

मंडळी, सीड फंडिंग म्हटलं की आपल्या आयटीवाल्यांच्या डोळ्यांसमोर काय येतं? एक गॅरेज, दोन पोरं आणि चेक फाडणारा कोणीतरी श्रीमंत काका. आजच्या गोष्टीत गॅरेजऐवजी तबेला आहे आणि काकाच्या जागी बायको :-)

साल १९१३, कॅनडातलं टोरांटो. घटसर्प तेव्हा लहान मुलांचा काळ होता. (आपण त्रिगुणी लस टोचून घेतलेली पिढी, आपल्याला हा आजार फक्त पुस्तकात भेटतो.) घशात करडा पापुद्रा धरायचा, श्वास कोंडायचा, जंतूंचं विष थेट हृदयापर्यंत जायचं. आणि चीड आणणारी गोष्ट अशी की उपाय माहीत होता! बेरिंग आणि कितासातो यांनी १८९० मध्येच बर्लिनला दाखवून दिलं होतं की प्राण्याला असं विष थोडं थोडं टोचत गेलं की त्याच्या रक्तात उतारा तयार होतो, आणि तो दुसऱ्याला देता येतो. घोड्याच्या अंगात रक्त भरपूर, म्हणून पुढे घोडे वापरायला लागले. पण टोरांटोत हे प्रतिविष यायचं अमेरिकेतून, आणि किंमत गरिबाला न झेपणारी. म्हणजे औषध दुकानात, आणि पोर घरात गुदमरतंय.

जॉन फिट्झजेराल्ड नावाचा तिशीतला डॉक्टर त्याच वर्षी टोरांटो विद्यापीठात शिकवायला लागला होता. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये शिकून आलेला. त्याचं म्हणणं साधं होतं: विद्यापीठानेच प्रतिविष बनवावं, जवळपास उत्पादनखर्चात विकावं आणि जे काही उरेल ते संशोधनात घालावं. आता विद्यापीठाने कारखाना काढायचा म्हटल्यावर मिटिंगा आल्याच. हा गडी थांबला नाही. बायकोला, एडनाला, माहेरकडून मिळालेल्या पैशातले काही हजार डॉलर घेतले आणि बार्टन अॅव्हेन्यूवर आपल्या मदतनिसाच्या घरामागे तबेला बांधला. घोडे कसले, तर मारून सरस बनवण्यासाठी निघालेले म्हातारे. त्यातल्या एकाचं नाव होतं क्रेस्टफॉलन, म्हणजे पडेल चेहऱ्याचा. पण प्रतिविष झालं! १९१४ मध्ये विद्यापीठाने रीतसर प्रयोगशाळा मान्य केली आणि १९१६ पासून ऑन्टॅरिओ सरकार तिथला माल लोकांना फुकट वाटायला लागलं.

तेवढ्यात महायुद्ध सुरू झालेलं. सैनिकांसाठी धनुर्वाताचं प्रतिविष हवं होतं. दारूच्या धंद्यातले गूडरहॅम यांनी शेतजमीन दिली आणि १९१७ मध्ये तिथे कॉनॉट लॅबोरेटरीज उभी राहिली. (हो, ज्याच्या नावाने दिल्लीचं कॉनॉट प्लेस आहे, तोच ड्यूक.)

पुढचा हिशोब बघा. १९२२ मध्ये बँटिंग आणि मंडळींचं इन्सुलिन प्रयोगशाळेतून दवाखान्यापर्यंत न्यायला हीच जागा आणि हाच पैसा उपयोगी पडला. मग फ्रान्सच्या रामोंने घटसर्पाचं विष निष्प्रभ करून लस शोधली, ती फिट्झजेराल्डने टोरांटोत आणली. १९२६ ते २९ दरम्यान शहराचं आरोग्य खातं आणि विद्यापीठ यांनी मिळून सुमारे ३६,००० मुलांवर तिची नीट परीक्षा घेतली. तीन डोस घेतलेल्या मुलांत घटसर्प कमीत कमी ९० टक्क्यांनी घटला. मला या सगळ्या गोष्टीत हा आकडा सगळ्यात मोठा वाटतो, इन्सुलिनच्या नोबेलपेक्षाही. आता उतारा शोधत धावायची पाळीच येणार नव्हती. पुढे १९५४ मध्ये साल्कच्या पोलिओ लशीची १८ लाख मुलांवर चाचणी झाली, तिच्यासाठी लागणारा विषाणूही कॉनॉटनेच मोठ्या प्रमाणावर वाढवून दिला. लिओन फॅरेल या बाईंनी बाटल्या सतत हलत्या ठेवायची जी पद्धत बसवली, तिच्यामुळे ते जमलं.

आणि मग १९७२ मध्ये विद्यापीठाने कॉनॉट विकून टाकली. आधी सरकारी महामंडळाला, आणि हातोहाती जात आज ती सानोफीची आहे. विक्रीच्या पैशातून झाला कॉनॉट फंड. नवख्या प्राध्यापकांना आणि वेगवेगळ्या विषयांतल्या टीम्सना एकत्र काम करायला तो आजही पैसे देतो. म्हणजे तबेल्यातून उगवलेल्या झाडाचं पुन्हा बी झालं. ऐकायला झकास वाटतं. पण २०२१ मध्ये कोविडची लस हवी होती तेव्हा कॅनडाला ती सगळी बाहेरून आणावी लागली, आणि तिथले लोक कॉनॉटच्या नावाने हळहळले. विकली नसती तर लस वेळेत झालीच असती, असं मी काही म्हणणार नाही. पन्नास वर्षांत कुठलीही संस्था गंजू शकते. पण फिट्झजेराल्डच्या मूळ डिझाइनमध्ये संशोधन आणि कारखाना एकाच छपराखाली होते. फंडात त्यातलं अर्धंच आलं.

बार्टन अॅव्हेन्यूवरचा तो लाकडी तबेला मात्र अजून आहे. उचलून सानोफीच्या आवारात नेऊन जपून ठेवलाय.