उजेडातला पीळ

हायडेलबर्ग वेधशाळेचे माक्स वोल्फ फोटोच्या काचा चाळून आकाश वाचण्यात वाकबगार होते. लघुग्रह शोधायला छायाचित्रणाचा पद्धतशीर वापर त्यांनीच रुजवला. १९२३ साली शौरी तारकासमूहात त्यांना एक रूपविकारी तारा सापडला. त्याला एएम हर्क्युलिस असं नाव मिळालं आणि तो तसल्या असंख्य ताऱ्यांच्या यादीत जाऊन बसला. कधी बाराव्या-तेराव्या प्रतीचा, कधी पंधराव्या; नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. पुढे अर्धशतकभर त्याच्याकडे कुणी फारसं वळून पाहिलं नाही. त्याचा प्रकाश पृथ्वीवर पोचत होता आणि अधूनमधून मोजलाही जात होता, पण मोजली जायची ती केवळ त्याची तेजस्विता. त्या प्रकाशाची लहर कंप कशी पावते, हे विचारण्याची गरज कुणाला वाटली नव्हती.

साध्या प्रकाशात कंपनं सगळ्या दिशांना विखुरलेली असतात. ती एकाच प्रतलात आली की त्याला रेषीय ध्रुवण म्हणतात. पुढे सरकताना कंपनाची दिशाच मळसूत्रासारखी गोल फिरत गेली, तर ते वर्तुळाकार ध्रुवण. त्याचा पीळ डावा असू शकतो किंवा उजवा. ताऱ्यांच्या प्रकाशात असा पीळ सहसा आढळत नाही. तो पडायला काही तरी जबरदस्त कारण लागतं, आणि प्रबळ चुंबकीय क्षेत्र हे त्यातलं सर्वांत मोठं.

हा पीळ पकडणारं साधन अमेरिकेत ओरेगन विद्यापीठाच्या जेम्स केम्प यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस बनवलं. ते वरकरणी अगदी साधं आहे. सिलिकाच्या पारदर्शक पट्टीला क्वार्ट्झचा स्फटिक जोडायचा आणि त्याला विजेनं कंप द्यायचा. पट्टी सेकंदाला हजारो वेळा दाबली जाते, सैलावते. या दाबामुळे तिच्यातून जाणारा डाव्या आणि उजव्या पिळाचा प्रकाश आळीपाळीनं वेगवेगळ्या प्रतलांत वळतो. पुढे एकाच प्रतलातली कंपनं जाऊ देणारा पोलरॉइड ठेवला, की दोन्हींतला फरक प्रकाशमापकात थरथरीच्या रूपानं उमटतो. पीळ नसेल तर थरथर नाही. हवा हलली, ढगाचा पातळ पदर आला, तरी दोन्ही बाजू सारख्याच मंदावतात आणि फरक टिकून राहतो. म्हणूनच अगदी टक्क्याभराचा पीळसुद्धा हाती लागू शकतो.

याच साधनानं १९७० साली केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका श्वेतबटूच्या प्रकाशातलं वर्तुळाकार ध्रुवण मोजलं. सूर्यासारखा तारा इंधन संपल्यावर आकसत पृथ्वीएवढा होतो, तो श्वेतबटू. तारा आकसतो तेव्हा त्याचं चुंबकीय क्षेत्रही दाटत जात असावं, अशी अटकळ होती. आता पुरावा मिळाला. पृथ्वीच्या पृष्ठभागावरचं क्षेत्र साधारण अर्धा गॉस असतं. इथे भाषा एकदम कोटी गॉसची झाली. पण तो श्वेतबटू एकटा होता.

त्याच वर्षी १२ डिसेंबरला, केनियाच्या स्वातंत्र्यदिनी, केनियाच्या किनाऱ्याजवळच्या समुद्रातल्या तळावरून ‘उहुरू’ हा उपग्रह सुटला. क्ष-किरणांत आकाशाची पाहणी करणारा तो पहिला उपग्रह. त्यानं टिपलेल्या स्रोतांपैकी एक शौरीत होता, मात्र उहुरूची नजर इतकी बारीक नव्हती की नेमक्या ताऱ्यावर बोट ठेवता यावं. १९७६ साली रोचेस्टर विद्यापीठाच्या बर्ग आणि डथी यांनी सुचवलं, की वोल्फ यांचा तो जुना रूपविकारी ताराच हा स्रोत असावा. सॅस-३ या उपग्रहाच्या वेधांनी त्याला दुजोरा दिला.

आणि मग ऑगस्ट १९७६. अ‍ॅरिझोना विद्यापीठाचे सांतियागो टापिया यांनी एएम हर्क्युलिसकडे ध्रुवणमापक वळवला. प्रकाशात रेषीय ध्रुवण होतं, वर्तुळाकारही होतं, आणि दोन्ही दर ३.१ तासांनी ठरल्या क्रमानं बदलत होती. केम्प यांच्या श्वेतबटूपेक्षा हा पीळ कितीतरी ठळक होता. ताऱ्यांच्या अभ्यासात इतकं काही एका मोजणीतून उलगडल्याची उदाहरणं थोडी आहेत, आणि टापिया यांचं नाव आज आहे त्यापेक्षा खूप जास्त लोकांच्या ओठी असायला हवं.

कारण त्या ३.१ तासांत सगळी रचना दडलेली होती. हे दोन तारे आहेत: एक श्वेतबटू आणि त्याला जवळून प्रदक्षिणा घालणारा एक लहान, तांबूस तारा. तांबड्या ताऱ्याचा वायू श्वेतबटूकडे ओढला जातो. एरवी अशा जोडीत तो वायू श्वेतबटूभोवती तबकडीसारखा पसरतो. इथे चुंबकीय क्षेत्र तबकडी बनूच देत नाही. वायूची धार बलरेषांच्या वाटेनं थेट चुंबकीय ध्रुवापाशी कोसळते, सेकंदाला काही हजार किलोमीटर वेगानं. पृष्ठभागाच्या जरा वर ती अडते आणि तापमान दहा कोटी अंशांच्या घरात जातं. क्ष-किरण तिथून निघतात. त्याच तप्त वायूतले इलेक्ट्रॉन बलरेषांभोवती गिरक्या घेत दृश्य प्रकाश सोडतात. ते सायक्लोट्रॉन प्रारण. बलरेषेच्या दिशेनं पाहिलं तर त्यात पीळ दिसतो, आडवं पाहिलं तर रेषीय ध्रुवण. श्वेतबटूचं स्वतःभोवती फिरणं आणि जोडीचं परिभ्रमण एकाच कालावधीत बांधलेलं असल्यामुळे हा खेळ दर फेरीला तसाच दिसतो.

टापिया यांनी क्षेत्राचा अंदाज मात्र फार मोठा केला होता, सुमारे वीस कोटी गॉस. दृश्य प्रकाश ही गिरकीची मूळ वारंवारता आहे असं त्यांनी धरलं होतं. प्रत्यक्षात तो तिच्या बऱ्याच वरच्या पटींचा प्रकाश असतो. १९८० च्या सुमारास तारा मंद अवस्थेत गेला, वायूचा झगमगाट ओसरला आणि श्वेतबटूच्या पृष्ठभागाच्या वर्णरेषा दिसू लागल्या. चुंबकीय क्षेत्रानं त्या फाकल्या होत्या. त्यावरून क्षेत्र दीड कोटी गॉसच्या आसपास निघालं.

एकाच ताऱ्याला अपवाद म्हणता आलं असतं. पण १९७७ मध्ये क्शेमिन्स्की आणि सेर्कोव्स्की या पोलिश खगोलशास्त्रज्ञांना सप्तर्षीच्या दिशेच्या एएन उर्सी मेजोरिस या ताऱ्यात ३५ टक्क्यांपर्यंत वर्तुळाकार ध्रुवण मिळालं. या वर्गाला ‘पोलर’ हे नावही त्यांचंच. दक्षिण आकाशातला व्हीव्ही पपिस त्याच सुमारास यादीत आला. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियात विश्वनाथन आणि विक्रमसिंघे यांना त्याच्या वर्णपटात ठरावीक अंतरावर उंचवटे दिसले. सायक्लोट्रॉनच्या पटी एकेक करून वेगळ्या दिसत होत्या. दोन उंचवट्यांतलं अंतर मोजलं की क्षेत्र कळतं. ते तीन कोटी गॉसच्या आसपास भरलं. पुढे एआर उर्सी मेजोरिस या पोलरमध्ये तेवीस कोटी गॉसचं क्षेत्रही सापडलं.

फिरकी आणि परिभ्रमण यांची ही गाठ कधीकधी सुटते. ऑगस्ट १९७५ मध्ये हंस तारकासमूहात एक नवतारा भडकला, डेनेबच्या शेजारी नुसत्या डोळ्यांना सहज दिसेल इतका तेजस्वी. १९८८ मध्ये त्याच्या उरलेल्या क्षीण उजेडात वर्तुळाकार ध्रुवण आढळलं: तोही पोलर होता, मात्र श्वेतबटूची फिरकी परिभ्रमणापेक्षा सुमारे दोन टक्क्यांनी वेगवान होती. स्फोटानं जोडीचा ताल बिघडवला होता.

गरुड तारकासमूहातल्या पोलरची गोष्ट तर खगोलशास्त्रज्ञांना बरीच वर्षं चकवत राहिली. एनजीसी ६८१४ या दीर्घिकेचे क्ष-किरण दर बारा हजार सेकंदांनी चढउतार करतात असं १९८० च्या दशकात दिसलं, आणि तिच्या केंद्रातल्या कृष्णविवराभोवती काय फिरत असेल यावर सिद्धांत रचले गेले. १९९३ मध्ये रोसॅट उपग्रहाच्या बारीक नजरेनं खरा स्रोत दाखवला. दीर्घिकेपासून अर्ध्या अंशाहून थोड्या अधिक अंतरावर, आपल्याच आकाशगंगेतला एक पोलर! जुन्या दुर्बिणींच्या रुंद दृष्टिक्षेत्रात दोन्ही एकत्र येत होते.

तो पोलर आता व्ही१४३२ अ‍ॅक्विली म्हणून ओळखला जातो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या विक्रम राणा आणि के. पी. सिंह यांनी परदेशी सहकाऱ्यांसह त्याचे क्ष-किरण आणि प्रकाशाचं ध्रुवण यांचा अभ्यास करून २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. याच संस्थेत पुढे सिंह यांच्या नेतृत्वाखाली अ‍ॅस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरची सौम्य क्ष-किरण दुर्बीण उभी राहिली. ती २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून अवकाशात गेली. व्ही१४३२ अ‍ॅक्विलीची तऱ्हा हंसातल्या नवताऱ्याच्या उलट आहे. त्याचा श्वेतबटू परिभ्रमणापेक्षा किंचित सावकाश फिरतो, सुमारे ०.३ टक्क्यांनी, आणि त्याची फिरकी हळूहळू वाढते आहे. दोन्ही कालावधी जुळायला साधारण शंभर वर्षं लागतील असा हिशेब निघाला आहे. तो पडताळायचा तर फिरकीच्या वेळा वर्षानुवर्षं नोंदवत राहणं हाच मार्ग आहे, आणि व्यावसायिक वेधशाळांबरोबर लहान दुर्बिणी बाळगणारे हौशी निरीक्षकही त्यासाठी वेध घेत आले आहेत.