नट कापायचा नसतो

माझी १९८४ची पद्मिनी गाडी अलिबागला अंगणात उभी असते. खारा वारा आणि चार महिने पाऊस. दसऱ्याला खाली वाकून पाहावं तर सायलेन्सरचे नट गंजून जाम झालेले असतात. ते कसे सोडवायचे हे मी तरुणपणी कुर्ल्याच्या एका गॅरेजात शिकलो. ती विद्या टंचाईची होती.

१९५१च्या उद्योग कायद्याने कारखान्याने किती माल काढायचा हे परवान्यावर ठरू लागलं. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कुर्ल्यात फियाट बनवायची. १९६४ला डिलाइट आली, १९७४ला तिलाच पद्मिनी नाव मिळालं. पैसे भरून वर्षानुवर्षं नंबराची वाट पाहायची, मग आलेली गाडी बापाने चालवायची आणि मुलानेही. टॅक्सीवाल्याचं तर पोट तिच्यावर. नट ज्यावर बसतो तो स्टड तुटला की ड्रिल मारा, आटे पाडा, लेथवाल्याकडे चकरा घाला. तोवर कमाई बंद. म्हणून गॅरेजच्या उस्तादांचा दंडक एकच: नट अख्खा निघाला पाहिजे, तोच परत बसणार आहे.

गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे आटे आतून आवळले जातात. तिथे जोर लावला की स्टडच पिळवटून तुटतो. आम्ही आधी तारेच्या ब्रशने बाहेर आलेले आटे साफ करायचो, रॉकेल सोडून रात्रभर ठेवायचो. सकाळी नटाच्या कडांवर हातोडीने हलक्या टिचक्या मारायच्या, म्हणजे गंजाची पकड सुटते. रिंग पाना लावून आधी किंचित आवळायचा, मग सोडायचा. थोडा फिरला की पुन्हा रॉकेल, पुन्हा मागे-पुढे. तरीही हटून बसला तर ब्लो लॅम्पने नट तापवायचा आणि आट्यांवर मेणबत्ती टेकवायची. वितळलेलं मेण आपोआप आत ओढलं जातं.

पान्यांचाही इतिहास होता. फियाट इटलीची, तिला मिलिमीटरचे पाने. अँबॅसडर मूळची इंग्लंडची मॉरिस, तिला इंची. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्या नटावर तेराचा पाना जातो खरा, पण ढिला बसतो आणि गंजलेल्या नटाच्या कडा खाऊन टाकतो. उस्ताद दोन्ही सेट वेगवेगळ्या डब्यांत ठेवायचे. डबा चुकला की शिव्या ठरलेल्या.

१९८३ला मारुती आली, पुढे परवानेही गेले. आता गॅरेजवाला ग्राइंडर फिरवतो, नट उडवतो, नवा बसवतो. वेळ महाग, नट स्वस्त. त्याचं गणित बरोबर आहे. पद्मिनीचं उत्पादन मात्र दोन हजार सालाच्या सुमारास थांबलं आणि २०२३ला मुंबईच्या रस्त्यावरून तिची शेवटची टॅक्सीही गेली. नट बाजारात मिळतो, पण ज्यात हे स्टड बसतात तो मॅनिफोल्ड मिळत नाही. स्टड काढताना त्याला तडा गेला तर भंगारवाल्यांचे उंबरे झिजवायचे. परवान्याने केलेली टंचाई संपली आणि काळाने केलेली सुरू झाली. माझ्या अंगणात तरी ग्राइंडरला मनाई आहे.