ब्राऊन, मायकेल
(२५ जानेवारी १९७७ – ). इंग्लिश फुटबॉलपटू, मधल्या फळीतील खेळाडू. जन्म हार्टलपूल येथे. मँचेस्टर सिटीत घडला. पुढे शेफील्ड युनायटेड, टॉटनहॅम, फुलम, विगन, पोर्ट्‌समथ, लीड्स आणि पोर्ट व्हेल असा त्याचा प्रवास झाला. चेंडू हिसकावून घेण्यातला त्याचा आक्रमकपणा अनेकदा पिवळ्या कार्डापर्यंत जाई. तरीही २००२-०३ चा हंगाम खऱ्या अर्थाने त्याचा. त्या वर्षी शेफील्ड युनायटेडने दोन्ही राष्ट्रीय चषकांची उपांत्य फेरी गाठली आणि मधल्या फळीत असूनही ब्राऊनने वीसहून अधिक गोल केले. बढतीच्या अंतिम सामन्यात मात्र वुल्व्ह्‌जचा गोलरक्षक मॅट मरे याने त्याची पेनल्टी अडवली. संघ ०-३ हरला. २०१० मध्ये दिवाळखोरीच्या फेऱ्यात सापडलेल्या पोर्ट्‌समथकडून तो एफए चषकाचा अंतिम सामना खेळला. चेल्सीने तो १-० जिंकला. पोर्ट व्हेलचे प्रशिक्षकपदही त्याने अल्पकाळ सांभाळले.