‘विसंवाद’ : शब्दाचा अर्थ आणि उगम

‘विसंवाद’ हा शब्द आज न जुळणाऱ्या सुरांना लागतो, तसाच न जुळणाऱ्या मतांनाही. इंग्रजीतील ‘डिसोनन्स’ या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधील ‘वेगळे वाजणे’ हा अर्थ आहे. तो ध्वनीकडून विचाराकडे गेला. मराठी शब्दाचा प्रवासही असाच झाला असावा, असे अभ्यासक सहज गृहीत धरतात. जुने ग्रंथ पाहता हे गृहीत टिकत नाही.

‘वि’ आणि ‘सम्’ हे उपसर्ग व ‘वद्’ (बोलणे) हा धातू मिळून हा शब्द बनतो. म्हणजे मुळाशी नाद नाही, वाणी आहे. ऋग्वेदाच्या अखेरच्या सूक्तात (१०.१९१) ‘सम्’सह हा धातू एकमुखाने बोलण्यासाठी येतो. त्या एकमुखातून फुटणे म्हणजे विसंवाद. मनुस्मृतीत (८.२१९) ग्राम, देश किंवा संघ यांच्याशी सत्यपूर्वक केलेला करार लोभाने मोडणाऱ्यास राष्ट्राबाहेर घालवावे असे सांगितले आहे, आणि तेथे ‘मोडणे’ यासाठी ‘वि-सम्-वद्’ हेच क्रियापद योजले आहे. धर्मशास्त्रात हा विषय ‘संविद्व्यतिक्रम’ या व्यवहारपदाखाली येतो. रत्नागिरी जिल्ह्याचे सुपुत्र महामहोपाध्याय पां. वा. काणे (१८८०–१९७२) यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात या व्यवहारपदांचे विस्तृत विवेचन आहे. पाली ग्रंथांत ‘अविसंवादक’ म्हणजे लोकांना न फसवणारा. सातव्या शतकात धर्मकीर्तीने या नैतिक शब्दाला ज्ञानमीमांसेत आणले आणि जे ज्ञान अविसंवादी ते प्रमाण, असे लक्षण केले. ज्ञानानेही जणू दिलेला शब्द पाळायचा असतो!

संगीतशास्त्राने मात्र वेगळा शब्द निवडला. भरताच्या नाट्यशास्त्रात वादी, संवादी, अनुवादी व विवादी असे स्वरांचे चार प्रकार आहेत. नऊ किंवा तेरा श्रुतींचे अंतर असलेले स्वर परस्परांचे संवादी. ऋषभ-गांधार आणि धैवत-निषाद या दोन श्रुतींच्या अंतरावरील जोड्या विवादी. लक्षात घ्यावे ते हे, की येथेही स्वर ‘वाजत’ नाहीत, ‘बोलतात’. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवाने वादीला राजा, संवादीला अमात्य, अनुवादीला सेवक व विवादीला शत्रू म्हटले. पं. वि. ना. भातखंडे यांच्या ‘हिंदुस्तानी संगीत पद्धती’ या मराठी ग्रंथमालेपर्यंत (१९१०–१९३२) ही संज्ञा पुष्कळ बदलली होती. भरताकडे विवादित्व हा दोन स्वरांमधील संबंध. भातखंडे-परंपरेत विवादी म्हणजे रागात वर्ज्य असलेला, तरी कुशल गायक रंजकतेसाठी अल्प प्रमाणात लावू शकेल असा स्वर. शत्रूला दरबारात क्षणभर बसू देण्याची ही मुभा मोठी सूचक आहे.

या पार्श्वभूमीवर परिभाषेचा एक प्रश्न तपासण्याजोगा आहे. लिऑन फेस्टिंगर यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या मानसशास्त्रीय सिद्धांतातील ‘डिसोनन्स’साठी ‘विसंगती’ आणि ‘विसंवाद’ असे दोन पर्याय समोर येतात. ‘विसंगती’त ‘गम्’ धातू आहे; दोन गोष्टी बरोबर चालत नाहीत, एवढेच तो सांगतो. फेस्टिंगर यांच्या उदाहरणातील धूम्रपान करणारा मनुष्य ते अपायकारक आहे हे जाणतो आणि तरीही ओढत राहतो. त्याची कृती त्याच्याच जाणिवेशी फितूर झालेली असते. मनुस्मृतीतील करार मोडणाऱ्याला लावलेले क्रियापद त्याला अधिक नेमके लागू पडते, म्हणून प्रस्तुत लेखकाचा कौल ‘विसंवाद’ला आहे.