शाकारणीचे दिवस

मे महिन्यात कोकणातल्या एखाद्या जुन्या घरावरून उतरवलेलं मंगलोरी कौल पालथं केलं, की त्याच्या पोटावर उठलेली अक्षरं दिसतात. कारखान्याचं नाव, गावाचं नाव आणि पुष्कळदा एक साल: १८६५. नातवंडांना ते साल दाखवून ‘बघा, आपलं घर किती जुनं’ असं सांगणारे आजोबा गावोगाव भेटतात. पण ते साल घराचं नाही आणि त्या कौलाचंही नाही. मंगळूरच्या बासेल मिशनने आपला पहिला कौलांचा कारखाना काढला, त्याचं ते साल. पुढे कित्येक वर्षं निघालेल्या कौलांवर तोच आकडा उठत राहिला. शेजारच्या घरावर १८६८ सापडलं, तर ते कौल आल्बुकर्क यांच्या कारखान्यातलं असण्याचा संभव मोठा.

हे साल वाचायला मिळतं ते शाकारणीमुळे. शाकारणी म्हणजे पावसाआधी छप्पर उघडून, झाडून, मोडकं बदलून पुन्हा नीट घालणं. गवताचं छप्परही शाकारतात आणि कौलांचंही, शब्द एकच. कोकणात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत कोसळतो. मृग नक्षत्र लागतं ७ जूनच्या आसपास. म्हणजे आंबे उतरवणं, लग्नकार्यं, सरपण भरणं आणि घर शाकारणं हे सगळं त्याआधी उरकायचं. यातलं शेवटचं राहिलं तर बाकीच्या साऱ्यावर पाणी पडणार, तेही अगदी शब्दशः.

आधी छप्परं गवताची होती. भाताचा पेंढा किंवा डोंगरातलं गवत थरावर थर घालून बांधायचं, समुद्रकाठी माडाची चुडतं विणून त्यांची झापं करायची. हे छप्पर फुकटात होई, पण एक-दोन पावसाळ्यांत कुजून जाई, आणि उन्हाळ्यात ठिणगी पडली तर वाडीच्या वाडी जळे. शिवाजी महाराजांचं १६७०च्या दशकातलं एक पत्र प्रसिद्ध आहे. चिपळूणजवळच्या हलवर्ण इथल्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना ते लिहिलेलं आहे. रात्री दिवा जळता ठेवाल, उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवत पेटेल आणि घोडी मरतील, अशी तंबी त्यात दिलेली आहे. राज्य चालवणाऱ्याने उंदराची आणि वातीची काळजी करावी, हे आज वाचताना नवल वाटतं. गवताखाली राहणाऱ्याला मात्र त्यात नवल वाटलं नसतं.

ज्याला परवडलं त्याने नळीची कौलं घातली. कुंभार चाकावर एका टोकाला निमुळता होत जाणारा पोकळ नळा ओढत असे. तो ओला असतानाच उभा चिरायचा, वाळवायचा, दोन अर्धी सुटी करायची आणि भाजायची. छपरावर एक ओळ उताणी, तिच्या कडांवर दुसरी पालथी. उताण्या ओळीतून पाणी वाहणार, पालथी ओळ फटी झाकणार. ना खिळा, ना खाच. सगळी भिस्त वजनावर आणि उतारावर. त्यामुळे वानराची एक उडी किंवा बोक्यांचं एक भांडण झालं, की ओळ घसरलीच. म्हणून नळीचं छप्पर दरवर्षी चाळावंच लागे.

पण या छपराचा एक मोठा गुण होता. त्याला सुतार लागत नसे. खाली बांबू, नाहीतर पोफळीच्या चिरफळ्या, बांधायला सुंभ. वासा जरा वाकडा असला, दोन बांबूंत अंतर कमीजास्त झालं, तरी नळीचं कौल सांभाळून घेई. घरच्या कोयत्याने बांबू तासायचा, घरच्याच माणसांनी तो बांधायचा. बांबू तोडायचा तो अंधाऱ्या पंधरवड्यात, म्हणजे त्याला भुंगा लागत नाही, असा रिवाज. तोडल्यावर काही काळ पाण्यात बुडवून ठेवायचा. या दुसऱ्या रिवाजामागचं कारण सरळ आहे: भुंगेऱ्याला हवं असतं बांबूतलं पिष्ट, आणि पाण्यात ठेवलं की ते बरंचसं निघून जातं. लाकडाला वाळवी लागू नये म्हणून काजूच्या टरफलांचं तेल चोपडायचं. ते हाताला लागलं तर कातडी सोलून निघते, त्यामुळे हे काम घरातल्या जाणत्या माणसाकडेच असे.

देशावरची तऱ्हा निराळी. पाऊस कमी, म्हणून छप्पर सपाट: धाबं किंवा माळवद. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या किंवा काटक्या आणि वर मातीचा जाड थर. तिथेही पावसाआधीची दुरुस्ती चुकत नसे. गावाच्या पांढरीतून खारट, चिकट पांढरी माती आणून माळवदावर पसरायची आणि चोपायची. पांढर म्हणजे पिढ्यान् पिढ्यांच्या मातीच्या घरांचा ढिगारा. कित्येक गावांत ही टेकाडं प्राचीन वस्त्यांची निघाली. घर गळू नये म्हणून मारलेल्या फावड्याला जुनी खापरं, मणी, नाणी लागत. छपराच्या दुरुस्तीने इतिहास वर काढला आणि तेवढाच विस्कटूनही टाकला.

गावात सुतार होता, पण त्याच्यावर पहिला हक्क शेतीचा. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ साली निघालेल्या ‘गावगाडा’त बलुतेदारीचा सगळा व्यवहार आला आहे. सुताराचा मान पहिल्या ओळीतला, कारण नांगर, कुळव, पाभर त्याच्या हातावर चालत. त्या कामाचं बलुतं खळ्यावर धान्यात मिळे. नवं घर उभारायचं किंवा दार बसवायचं तर मजुरी वेगळी ठरवावी लागे. साहजिकच रंधा, वाकस, पटाशी, किकरं आणि सामता घेऊन सुतार घरी यायचा तो मोठ्या कामाला. दाराची खुंटी, पाटाचा पाय, गोठ्याची आगळ ही कामं घरधनी स्वतःच करी.

लाकूडही परसातलंच. आंबा, फणस, किंजळ, ऐन, माड. रामचंद्रपंत अमात्यांच्या १७१५च्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड कसं मिळवावं हे सांगताना आंबा-फणसाबद्दल खास बजावलेलं आहे. ही झाडं रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात, त्यांना परस्पर हात लावू नये; एखादं झाड जीर्ण झालं असेल तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन तोडावं. सरकारच्या गलबताला जी फळी हवी होती, तीच रयतेच्या दाराला आणि तुळईलाही हवी होती.

या सगळ्यात बदल घडवला तो मंगळूरच्या कारखान्याने. बासेल मिशनची माणसं तिथे १८३४ साली आली. धर्मांतर केलेल्यांचा जातीचा धंदा सुटे, त्यांना पोटापाण्याचं काम द्यावं म्हणून मिशनने विणकामाचे माग आणि पुढे कौलांचे कारखाने काढले. नेत्रावतीकाठच्या जेप्पू इथे पहिला कारखाना उभा करणारा गेओर्ग प्लेब्स्ट हा खरं तर मिशनच्या छापखान्याचा माणूस. नदीकाठची माती चांगली होती. एकमेकांत खाचेने अडकणाऱ्या सपाट कौलाची कल्पना आल्सेसमधल्या गिलार्डोनी बंधूंनी १८४० च्या दशकात बाजारात आणली होती. त्याच जातीचं कौल आता साच्यात दाबून निघू लागलं. तीन वर्षांत आल्बुकर्क यांनी आपला कारखाना काढला, आणि मागोमाग इतरांचेही निघाले. पहिल्या महायुद्धात मिशनचा कारभार शत्रूशी संबंधित म्हणून सरकारने हातात घेतला आणि पुढे कॉमनवेल्थ ट्रस्टकडे दिला. कौलावरचं नाव बदललं, १८६५ तेवढं राहिलं.

गलबतांतून आणि पत्तेमाऱ्यांतून ही कौलं वेंगुर्ला, मालवण, रत्नागिरी करत थेट मुंबईपर्यंत गेली. एक कौल साधारण ४१ सेंटिमीटर लांब आणि साडेतेवीस सेंटिमीटर रुंद, वजनाला दोन-अडीच किलो. शंभर चौरस फुटांना दीडशे कौलं हा गवंड्या-सुतारांचा तोंडपाठ हिशेब. नळीच्या दुहेरी थरापेक्षा हे छप्पर हलकं, आणि कौलाच्या पाठीमागची नाकं रिपेला अडकत असल्यामुळे वानराच्या उडीलाही बरंच पुरून उरणारं.

पण या कौलाला वाकडं चालत नाही. खालच्या रिपा करवतीने कापलेल्या, सरळ हव्यात आणि दोन रिपांतलं अंतर सगळीकडे सारखं हवं. अर्धा इंच चुकला तर कौल एक तर बसत नाही, नाहीतर घसरतं. म्हणजे गुण्या, दोरी आणि करवत यांशिवाय छप्पर उभं राहीना. छपराखालचा बांबू गेला, सुंभ गेला, कोयत्याने तासणारा घरधनीही गेला आणि त्या जागी सुतार आला. चिरलेलं लाकूड विकत आणावं लागू लागलं. त्यात १८७८च्या वन कायद्याने जंगलातल्या लाकडाची वाट अरुंद केली. दुरुस्ती कमी झाली, पण घरच्या हातांतून निसटली.

घरच्यांच्या वाट्याला उरली ती शाकारणी, आणि तेवढं मात्र त्यांनी जिवापाड सांभाळलं. एक हलक्या अंगाचा माणूस वर. कौलाच्या मध्यावर पाय द्यायचा नाही. खाली रीप असेल तिथेच, दोन कौलं एकमेकांवर येतात त्या जागी टाच टेकायची. ओळ वरून खाली उघडत यायची, कौल खालच्याच्या हाती द्यायचं, त्याने पुढच्याच्या. बायामाणसं अंगणात केरसुणी आणि काथ्या घेऊन शेवाळ घासणार. खाचेत अडकलेला पालापाचोळा आधी काढायचा, कारण गळती बहुतेक तिथेच सुरू होते: पानं पाणी अडवतात आणि ते उलटं फिरून आत येतं. वळचणीचं पाणी आढ्याला जाणं ही म्हण ज्याने केली, त्याने छप्पर नक्की चाळलं असणार. रीप बोटाने दाबून पाहायची. मऊ लागली तर बदलायची. स्वयंपाकघरावरचं काचेचं कौल पुसायचं, कारण चुलीवर पडणारा उजेडाचा तेवढा एकच तुकडा. आढ्यावरची मोठी कौलं चुन्यात पुन्हा बसवायची. शेवटी पडवीला झडी बांधायच्या. फुटक्या खापऱ्या लगोरीला.

या कामाला लागणारे तरुण हात एव्हाना मुंबईत होते. गिरणीतला चाकरमानी मे महिन्यात रजा काढून यायचा तो आंब्या-फणसासाठी, असं म्हटलं जातं. आल्या आल्या त्याला शिडी दाखवली जाई. पंधरा दिवसांनी तो परळ-लालबागच्या चाळीत परते, तेव्हा तिथलं छप्परही पुष्कळदा मंगलोरी कौलांचंच असे. पण त्यावर त्याने चढायचं नाही. ते मालकाचं. गावी स्वतः रीप बदलणारा माणूस इथे गळतीसाठी अर्ज लिही.

मालकही हळूहळू वर चढेनासा झाला. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतली जुनी भाडी १९४० सालच्या पातळीवर रोखली. दुरुस्तीचा खर्च वाढत गेला आणि भाडं तिथेच राहिलं. इमारती कोसळू लागल्या, तेव्हा १९६९ साली सरकारने कायदा करून जुन्या इमारतींवर उपकर बसवला आणि त्यांच्या दुरुस्तीसाठी मंडळ नेमलं. पुढे ते म्हाडात सामील झालं. उपकरप्राप्त इमारत हा शब्द मुंबईकराच्या तोंडी बसला तो तेव्हापासून. एका पिढीत दुरुस्ती घरातून मालकाकडे आणि मालकाकडून सरकारी फायलीत गेली.

कोकणातल्या घरांवर स्लॅब पडले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. स्लॅबला शाकारणी नाही, पण तोही गळतोच, आणि गळाला की त्यावर पत्र्याची शेड चढते. कौलारू घर ज्यांनी राखलं, त्यांना वर चढणारा माणूस मिळत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा कौलं नुकतीच चाळून झाली होती आणि मृग चार दिवसांवर होता. टाळेबंदीमुळे माणसंही नव्हती आणि मालही नव्हता. लोकांनी ताडपत्री ओढली, आणि पुढे अनेकांनी कौलांऐवजी पत्रे घातले. वर्षभरात, २०२१च्या मे महिन्यात, तौक्ते वादळ त्याच किनाऱ्याजवळून गेलं.

उतरवलेली कौलं बहुतेक ठिकाणी गोठ्यामागे रचून ठेवलेली असतात, पुढे ती रस्त्याच्या भरावात जातात. यंदा गावी गेलात तर ती भरावात जाण्याआधी एकदा पालथी करून बघा. नाव, गाव, साल वहीत उतरवून घ्या आणि घर कोणत्या वर्षी, कुणी शाकारलं हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून त्याच पानावर लिहा.