खाऊच्या पुडक्यातील पुस्तके

रायगड जिल्ह्याला कुलाबा म्हणत त्या काळातील दोन मुलांविषयी आम्ही येथे लिहीत आहोत. एक पेण तालुक्यातील गागोद्याचा, दुसरा रोह्याचा. दोघांच्या जन्मात अवघे चार महिन्यांचे अंतर. दोघेही पुढे एवढे मोठे झाले की, त्यांना वाचनाची गोडी लागली कशी, हे विचारण्याचे सहसा कोणाला सुचत नाही. आम्हांस मात्र तेच विचारावेसे वाटते. कारण चौथी-पाचवीतील मूल धडा घडाघडा म्हणते, पण त्यात काय आहे हे त्याला सांगता येत नाही, ही तक्रार आज आपल्याच घरांतून ऐकू येते.

गागोद्याचा विनायक नरहर भावे म्हणजे आचार्य विनोबा. जन्म ११ सप्टेंबर १८९५. वडील नोकरीनिमित्त बडोद्यास, मूल आईजवळ आजोबांच्या घरी. एका दिवाळीस वडील येणार व खाऊ आणणार, असे आईने सांगून ठेवले होते. पुडके हाती आले. ते लाडवांसारखे गोल नव्हते, चपटे होते. तेव्हा बर्फी असावी, असा मुलाचा तर्क. उघडून पाहतो तो मुलांसाठी लिहिलेली रामायण-महाभारताची पुस्तके! विनोबांनीच ही हकिगत सांगितली आहे. मूल हिरमुसले असते तरी नवल नव्हते. ते पुस्तके घेऊन आईकडे गेले. तिचे डोळे भरून आले. याहून गोड खाऊ कोणता, असे ती म्हणाली. पुस्तक कोणते होते यापेक्षा ते पाहून घरच्या माणसाचा चेहरा कसा उजळला, हेच मूल अधिक जपून ठेवत असावे.

ही आई, रुक्मिणीबाई, स्वतः फारशी शिकलेली नव्हती. पुढे एके दिवशी ती खाली भक्तिगीतांचे पुस्तक वाचत असलेली विनोबांनी माडीवरून ऐकली. एकेक अक्षर लावीत एक पद संपायला पंधरा मिनिटे! एवढ्या वेळात शेवटचा शब्द येईतो पहिला ध्यानात राहावा कसा? मुलगा खाली आला, शेजारी बसला आणि दहा-पंधरा मिनिटे तिच्याबरोबर वाचू लागला. मग हे रोजचेच झाले, आणि आई ते पुस्तक नीट वाचू लागली.

रोह्याची गोष्ट थोडक्यात. चिंतामणराव देशमुखांचे वडील रोह्याचे वकील. १९१२ सालच्या मॅट्रिकला चिंतामणराव पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनीच मिळवली. हे गुण सर्वांना ठाऊक असतात. आम्हांस अधिक मोलाचे वाटते ते हे की, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झालेल्या या माणसाने मेघदूताचे मराठी पद्यात भाषांतर केले. परीक्षा संपल्यावरही पुस्तक मिटले नव्हते.

पुन्हा रुक्मिणीबाईंकडे वळू. संस्कृत गीता कळत नाही, मराठीतली आण, असे त्यांनी मुलाला सांगितले. त्याने गद्य भाषांतर आणले. त्यांना पद्य हवे होते. वामन पंडितांचे आणले. तेही अवघड गेले. लॅटिनमधील मिस्सा ऐकत वाढलेल्या आपल्या ज्येष्ठांना ही अडचण समजावून सांगायला नको. मग तूच का करीत नाहीस, असे त्या म्हणाल्या.

विनोबांनी 'गीताई' १९३०-३१ मध्ये रचली. ती १९३२ साली छापून निघाली. जिने ती मागितली होती, ती १९१८ सालीच गेली होती.