ओढण्यासाठी जन्मलेला बंपर

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर किंवा कल्याण-शीळ मार्गावर पुढच्या महिंद्रा थारच्या पाठीला जाड लोखंडी बंपर बसवलेला दिसतो. कंपनीचा प्लास्टिक बंपर उतरवून तो बाहेरून करून घेतलेला असतो. बघणाऱ्याला ती निव्वळ हौस वाटते. पण या लोखंडाच्या कुळाचा शोध घेतला, की ते एका कामापाशी पोहोचते.

१९४१ पासून विलिस आणि फोर्ड यांनी अमेरिकी सैन्यासाठी सहा लाखांहून अधिक जीप बांधल्या. त्यांना पुढे आडवा, अखंड बंपर होता. मागे मात्र दोन बाजूंना दोन आखूड तुकडे, आणि मधली जागा ओढायच्या हुकासाठी मोकळी. पाव टनी ट्रेलर किंवा ३७ मिलिमीटरची रणगाडाविरोधी तोफ त्याला जोडत. हा हुक चेसिसच्या मागच्या आडव्या दांड्यावर बसे. जीपची पाठ घडवली होती ती ओझे ओढायला. धक्का झेलणे हे तिचे दुय्यम काम.

दुसरे महायुद्ध संपले. कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये तिचे उल्हासनगर झाले. जीपही याच काळात मुलकी झाली. १९४५ ची विलिस सीजे-२ए शेतकऱ्यांसाठी होती. अवजारे ओढायचा दांडा तिला मागे जोडता येई. महिंद्रांनी मुंबईत माझगावला विलिस जीपची जुळणी सुरू केली तीही चाळिशीच्या दशकाच्या अखेरीस. पुढे मुरबाड-शहापूरकडे काळ्या-पिवळ्या जीप धावू लागल्या, तेव्हा त्याच पाठीला नवे काम लागले. आत जागा नसलेले उतारू मागच्या पायरीवर उभे राहून, वरच्या दांड्याला धरून गाव गाठत.

२०१० मध्ये थार आली आणि २०२० मध्ये तिचा नवा अवतार. नव्या थारचा मागचा बंपर प्लास्टिकचा आहे. तो हलका आहे आणि शहरातल्या वापराला योग्य आहे. १ जुलै २०१९ पासून मोटारींना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. ते बसतात याच बंपरमध्ये. पण खडकाळ उतारावरून उतरताना पाठ टेकली, की प्लास्टिक आधी फाटते. इथून लोखंडी बंपरची गरज पुन्हा सुरू होते.

ती भागवायला लागणारे पत्रा कापण्याचे, वाकवण्याचे आणि वेल्डिंगचे कसब आपल्या ठाणे-कल्याण भागात जुने आहे. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा, म्हणजे एमआयडीसीचा, आरंभच ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये झाला. पुढे डोंबिवलीतही तिची वसाहत उभी राहिली. तरी फिटिंग म्हणजे चार बोल्ट आवळणे नव्हे. सेन्सर, नंबरप्लेटचा दिवा आणि रिफ्लेक्टर यांना नवी जागा हवी. बंपर फार खाली आला, तर उतार उतरतानाचा मागचा कोन कमी होतो आणि ज्यासाठी खटाटोप केला तेच हरवते. आपल्या पावसात पोकळ बंपरच्या आत पाणी साचते. निचऱ्याची भोके आणि आतून रंग नसेल, तर गंज तिथूनच धरतो.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे तो ताण कुठे जातो याचा. चिखलात रुतलेल्या गाडीला टोचन लावून हिसका दिला, की ओढीचा सगळा जोर शॅकल (जोडकडी) अडकवायच्या कड्यावर येतो. ते कडे चेसिसला पक्के जोडलेल्या ब्रॅकेटवर हवे. नुसत्या पत्र्यावर वेल्ड केलेले कडे उखडून गोळीसारखे सुटते आणि समोरच्याचा जीव घेऊ शकते.

कायद्याचेही भान हवे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ बनावटीशी विसंगत बदल रोखते आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे उचलून धरले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. म्हणून गाडी ठाण्याची एमएच ०४ असो वा कल्याणची एमएच ०५, लोखंड लावण्याआधी आरटीओत विचारून घ्यावे.

मला यावर एक मार्ग दिसतो. पुण्याची एआरएआय ही वाहन-संशोधन संस्था वाहने आणि त्यांचे सुटे भाग तपासतेच. किती टनांची ओढ सोसेल याचा आकडा कोरलेले, तपासून मंजूर झालेले मागचे बंपर बाजारात यावेत आणि आरटीओने ते नोंदवून घ्यावेत. मग पावसाळ्यात रुतलेल्या कोणाच्याही गाडीला टोचन लावताना मदत करणाऱ्याचा जीव टांगणीला लागणार नाही.